दिवसाला 12 मिठ्या? मोजल्या कोणी?

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. "विज्ञान सांगतं, जगायला रोज 4 मिठ्या लागतात, टिकायला 8, वाढायला 12. प्रत्येक मिठी 20 सेकंदांची हवी. परदेशात सगळे करतात, आपल्याकडे आईबाप मुलांना जवळच घेत नाहीत." खाली बदामांचा पाऊस.

4-8-12 हे कुठल्याही प्रयोगातून आलेलं नाही. व्हर्जिनिया सटीर या अमेरिकन फॅमिली थेरपिस्टच्या नावावर ते वाक्य फिरतं. सल्ला म्हणून गोड आहे, विज्ञान नाही.

20 सेकंदांना थोडा आधार आहे. 2003 मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला, त्यात जोडपी आधी 10 मिनिटं हातात हात घालून बसली, मग 20 सेकंद मिठी, मग टेन्शन येईल असं भाषण, आणि त्यांचं बीपी एकट्या बसलेल्यांपेक्षा कमी चढलं. ती 10 मिनिटं फॉरवर्डवाल्याने गिळलीच की!

आणि परदेश म्हणजे कुठलं हो? सिडनी जुरार्ड या मानसशास्त्रज्ञाने 1960च्या दशकात कॅफेत बसून मोजलं होतं, गप्पा मारताना लोक तासाभरात एकमेकांना किती वेळा हात लावतात. पोर्तो रिकोत 180, पॅरिसमध्ये 110, फ्लोरिडात 2, लंडनमध्ये शून्य. छोटंसंच निरीक्षण, पण "परदेशात सगळे" म्हणणाऱ्याला पुरे.

खरा राग शेवटच्या वाक्याचा. आपल्याकडे मालिशवाली पाटावर पाय पसरून बसते, नडग्यांवर बाळ पालथं, तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, पोरगं किंचाळतंय आणि नंतर दोन तास गाढ झोपतंय (नाकाकानात तेल घालू नका म्हणून डॉक्टर ओरडतात ते वेगळं). दिवाळीच्या पहाटे पाठ सोलून निघेस्तोवर उटणं. आजी गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते. वारीत तर अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडून उराउरी भेटतात. मिठी एवढाच स्पर्श धरलात तर यातलं निम्मं दिसणारच नाही.

आपलं दुखणं वेगळंय, कोणाला शिवायचं नाही त्याची यादी. पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. हे कोणी फॉरवर्ड करत नाही.

एक मात्र मान्य, पोरगा 12-13चा झाला की बापाचा हात आखडतो. माझे बाबा स्टेशनवर सोडायला येतात तेव्हा माझ्या खांद्यावरचा बॅगेचा पट्टा उगाच ओढून नीट करतात. नीटच असतो तो.