घाईच्या क्रियापदांचा तो रंगीत तक्ता भिंतीवरून काढा

स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक तक्ता फिरतोय. मथळा आहे 'घाईची सगळी स्पॅनिश क्रियापदं दोन मिनिटांत इंग्रजीत', आणि खाली सहा नियम. आसेलेरार म्हणजे नेहमी ॲक्सिलरेट. आखिलिसार म्हणजे 'अजिलाइझ'. आपुरार म्हणजे हरी. प्रेसिपितार म्हणजे प्रेसिपिटेट. शेवटी 'से' (स्पॅनिशमधलं 'स्वतःला' अशा अर्थाचं सर्वनाम) दिसलं की 'युवरसेल्फ' जोडा. आणि काहीच सुचलं नाही तर 'स्पीड अप' टाकून मोकळे व्हा. तळाशी ठळक अक्षरांत: 'डेले परीक्षा आणि ट्रान्सलेशन जॉबसाठी १००% उपयुक्त'. भाचीने हा तक्ता छापून टेबलासमोर चिकटवलाय, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी डेलेचं. स्पॅनिश भाषेसाठी स्पेन सरकारने काढलेल्या इन्स्तितुतो सेर्वान्तेस या संस्थेच्या या परीक्षेत वाचणं, ऐकणं, लिहिणं आणि बोलणं तपासतात, तेही सगळं स्पॅनिशमध्ये. इंग्रजीत भाषांतर करा असा प्रश्नच तिथे नसतो. तेव्हा १०० टक्क्यांतला अर्धा भाग इथेच गळाला. उरला भाषांतराच्या कामाचा भाग, आणि खरं नुकसान तिथेच आहे.

क्रम सोडून तिसरा नियम आधी घेऊ, कारण सगळ्यांत घातक तोच. आपुरार म्हणजे हरी. कुठल्या देशात? कशाच्या बाबतीत? तक्त्यात यातलं काही नाही. रेआल आकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीचा कोश ऑनलाइन फुकट बघता येतो, २०१४च्या २३व्या आवृत्तीचा आणि त्यानंतरच्या सुधारणांसह. त्यात या एका क्रियापदाखाली संपवणं, शुद्ध करणं, तगादा लावणं, चिंता करणं असे कितीतरी अर्थ आहेत. त्यातला 'आपुरार्से म्हणजे घाई करणं' हा अर्थ मुख्यतः अमेरिका खंडातल्या स्पॅनिशचा. तक्ता करणाऱ्याने हे एक पान उघडलं असतं तरी पुरे होतं.

स्पेनमध्ये 'आपुरार एल काफे' म्हणजे कप तळापर्यंत रिकामा करणं, इंग्रजीत 'फिनिश युवर कॉफी'. 'मे आपुरा पेदिर्लो' म्हणजे मागायला संकोच वाटतो: 'आय फील ऑकवर्ड आस्किंग'. 'सी मे आपुरास' म्हणजे फारच खोदून विचारलंत तर: 'इफ यू पुश मी'. आणि मोटरसायकल शर्यतींच्या स्पॅनिश समालोचनात सतत कानावर पडणारं 'आपुरार ला फ्रेनादा' घ्या. वळणाआधी ब्रेक शक्य तितका उशिरा लावणं, असा त्याचा अर्थ. इंग्रजीत 'ब्रेकिंग लेट'. तक्त्याप्रमाणे 'हरी द ब्रेकिंग' लिहिलंत तर स्वाराने घाईने, म्हणजे लवकर ब्रेक लावला असा अर्थ होतो. नेमका उलटा.

आता मेक्सिको. तिथे 'आपुराते' म्हणजे खरंच 'हरी अप'. पण 'नो ते आपुरेस' दोन्हीकडे जातं. समोरच्याने चूक कबूल केली असेल तर ते 'डोन्ट वरी अबाउट इट'. तो धावतपळत येत असेल तर 'टेक युवर टाइम' किंवा 'नो रश'. इथेही शब्दाला शब्द 'डोन्ट हरी' क्वचितच शोभतं. अर्जेंटिनात 'एस्तोय आपुरादो' म्हणजे 'आय ॲम इन अ हरी'. पुण्यात बसून मेक्सिकन ग्राहकांची पत्रं इंग्रजीत उतरवणाऱ्याने तक्रारीच्या उत्तरातलं 'नो से आपुरे' हे 'प्लीज डोन्ट हरी' असं लिहिलं, तर वाचणाऱ्या साहेबाला वाटेल की ग्राहक टोमणा मारतोय.

म्हणून हे क्रियापद दिसलं की आधी कर्म शोधा. कर्म पेय, पैसा किंवा वेळ असेल, तर ते संपवणं किंवा शेवटच्या क्षणापर्यंत ताणणं. कर्म माणूस असेल, तर बहुतेक वेळा 'रश' किंवा 'प्रेस'. कर्म नसून 'से' असेल, तर मजकूर कुठल्या देशाचा ते बघा. 'वोसोत्रोस' (तुम्ही लोक) दिसलं की स्पेन. 'वोस तेनेस' (तुझ्याकडे आहे) दिसलं की बहुधा ब्वेनोस आइरेसच्या बाजूचं. 'आओरिता' (आत्ता) दिसलं की स्पेन बहुधा नाही, मेक्सिको किंवा त्याच्या आसपासचा भाग आधी तपासा. खूणच सापडली नाही तर अंदाज न करता पाठवणाऱ्याला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

पहिला नियम अर्धा बरोबर आहे, हे नाइलाजाने कबूल. भौतिकशास्त्रात आसेलेरार म्हणजे ॲक्सिलरेटच. महागाईच्या बातमीतही 'इन्फ्लेशन ॲक्सिलरेटेड' चालतं, 'पिक्ड अप' जरा मोकळं वाटतं. पण गाडीत मागच्या सीटवरून कोणी 'आसेलेरा!' ओरडला, तर अमेरिकन 'स्टेप ऑन इट' म्हणेल, ब्रिटिश 'पुट युवर फूट डाउन'. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून आवाज काढणं म्हणजे 'रेव्ह द इंजिन'. तिथे ॲक्सिलरेट लिहिलंत तर उभी गाडी पळवलीत. छातीत धडधडतंय हे सांगताना 'माय हार्ट इज रेसिंग'. उत्तेजित झालेल्याला म्हटलेलं 'नो ते आसेलेरेस' इंग्रजीत 'ईझी' किंवा चक्क 'स्लो डाउन' होतं. आणि वेगमर्यादा ओलांडल्याचा दंड म्हणजे 'स्पीडिंग'ची पावती. नुसतं ॲक्सिलरेट केलं म्हणून कोणी कोणाला दंड करत नाही.

'अजिलाइझ' नावाचं क्रियापद रोजच्या इंग्रजीत कोणी वापरत नाही, त्यावर फार शाई खर्च करायला नको. पण आखिलिसार सरकारी आणि कंपन्यांच्या स्पॅनिशमध्ये पावलोपावली भेटतं, तेव्हा फरक सांगितलेला बरा. एकच अडकलेली फाइल पुढे ढकलायची असेल तर 'एक्स्पिडाइट'. पायऱ्या कमी करून सगळी पद्धतच सुटसुटीत करायची असेल तर 'स्ट्रीमलाइन'. साध्या बोलण्यात 'स्पीड अप द पेपरवर्क'. आणि काउंटरवरच्या पाटीवर 'रांग आखिलिसार करण्यासाठी ओळखपत्र तयार ठेवा' अशा अर्थाचं काही असेल, तर 'टु सेव्ह टाइम, प्लीज हॅव युवर आयडी रेडी'. तिथे वेगाचं क्रियापदच लागत नाही. आपल्याकडे जाता-येता 'काइंडली एक्स्पिडाइट द सेम' लिहायची सवय आहे. ती भारतीय पत्रापुरती ठीक, अमेरिकन ग्राहकाच्या तोंडी घालू नका.

प्रेसिपितारचा नियम वाचून मात्र कपाळावर हात मारला. 'एल आउतोबुस से प्रेसिपितो पोर उन बार्रान्को' ही अपघाताची बातमी आहे: बस दरीत कोसळली, 'द बस प्लंज्ड इन्टू अ रविन'. इंग्रजी प्रेसिपिटेट पाऊस-बर्फ पडण्याला, रसायनातला साका बसण्याला, नाहीतर एखादं संकट ओढवून आणण्याला वापरतात. बस 'प्रेसिपिटेट' झाली तर वाचक चक्रावेल. सल्ला देताना 'नो ते प्रेसिपितेस' म्हटलं असेल तर 'डोन्ट रश इन्टू इट'.

'से'चा नियम दोन ओळींत संपतो. हे 'से' स्पॅनिशच्या व्याकरणाची गरज आहे, इंग्रजीला ती नाही. दार्से प्रिसा म्हणजे 'हरी अप', 'हरी युवरसेल्फ' नव्हे. वर्तमानपत्रांतलं 'से आप्रेसुरो आ देस्मेन्तिर्लो' तर क्रियापद सोडून 'ही वॉज क्विक टु डिनाय इट' असं लिहिलं की सहज वाचलं जातं.

राहता राहिलं 'स्पीड अप'. चालतं, पुष्कळ ठिकाणी चालतं. चालण्याचा वेग वाढवणं, म्हणजे आप्रेतार एल पासो किंवा आलिखेरार एल पासो, तिथे 'पिक अप द पेस' जास्त बरं, इतकंच. पण या सहाव्या नियमाच्या आधारावर आदेलान्तार हे क्रियापद तक्त्यातून गायबच केलंय, आणि कार्यालयात सगळ्यांत जास्त तेच लागतं. ट्रकला आदेलान्तार करणं म्हणजे 'ओव्हरटेक', अमेरिकेत 'पास'. घड्याळ आदेलान्तार होणं म्हणजे 'रन फास्ट'. बैठक आदेलान्तार करणं म्हणजे ती अलीकडच्या तारखेला घेणं. त्याला आपल्याकडे पटकन 'प्रीपोन' सुचतं. तो शब्द इंग्रजीच्या मोठ्या कोशांत आहे, पण भारताबाहेर अनेकांना तो कळत नाही. ब्रिटिश 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतात, अमेरिकन 'मूव्ह अप'. 'मूव्ह फॉरवर्ड' टाळा, कारण बुधवारची बैठक दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली म्हटलं की काही जण सोमवारी येतात आणि काही शुक्रवारी. जुना आणि नवा, दोन्ही दिवस वाक्यातच लिहून टाका: 'द मीटिंग हॅज बीन मूव्ह्ड अप फ्रॉम थर्सडे टु ट्यूझडे'.