करवल्यांच्या हातातलं रान

"रंगीत फुलं नकोत, करवल्यांना नुसते हिरवे बुके देऊ, सुटसुटीत होईल," असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात कपाळाला हात लावते. फुलांच्या बुकेत काही चुकलं तर एखादा टपोरा गुलाब सांभाळून घेतो. हिरव्या बुकेत सांभाळून घेणारं कुणी नसतं. जे काय करायचं ते पानांनीच करायचं, आणि पानं भलतीच मानी असतात.

पहिला तंटा रंगाचा. "हिरवा" म्हटलं की सगळ्या जणी लगेच माना डोलावतात, कारण प्रत्येकीच्या डोक्यात वेगळा हिरवा असतो. निलगिरीचा हिरवा राखाडीकडे झुकलेला निळसर, रस्कस या चिवट पानाच्या झुडपाचा गडद, हिरव्या बटन शेवंतीचा पोपटी, व्हायबर्नम या झुडपाच्या फुलांच्या गोंड्यांचा पिवळट. निळसर आणि पिवळट शेजारी बसवले की पिवळट टवटवीत दिसतो आणि निळसर आजारी. तेव्हा एक बाजू धरावी. दोन्हींचा हट्टच असेल तर मध्ये गडद पान घालावं, म्हणजे भांडण दिसत नाही. आणि हे ठरवायचं ते ड्रेसचं कापड पानांवर धरून, मोबाइलमधल्या फोटोवरून नाही. कापड आधी खिडकीशी दिवसाच्या उजेडात बघायचं, मग संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली. पिवळ्या उजेडात निळसर पान करडं पडतं, आणि नेमके त्याच दिव्याखाली सगळे फोटो काढायचे असतात.

ड्रेसही हिरवेच ठरले असतील तर पंचाईत. बुके ड्रेसमध्ये विरघळतो आणि फोटोत करवली पोट दुखत असल्यासारखी दोन्ही हात धरून उभी दिसते. अशा वेळी पानं ड्रेसपेक्षा स्पष्ट फिकी किंवा स्पष्ट गडद घ्यावीत, किंवा पांढऱ्या कडांच्या पानांचं पिटोस्पोरम बाहेरच्या बाजूला लावावं.

आता एकेकीचे स्वभाव. निलगिरी सगळ्यांना हवी असते. तिची गोल पानं फोटोत छान येतात हे खरं, पण सहा करवल्यांच्या हातात सहा जुड्या दिल्या की नवरीला आणखी काही मिळो न मिळो, नाक मोकळं मिळतं. शिवाय शेंड्याची कोवळी पानं उन्हात आधी माना टाकतात. ते शेंडे खुडूनच टाकावेत, जून पानं टिकतात. शतावरीच्या जातीची, नाजूक जाळीची पानं सुकायला लागली की बारीक कचरा गाळतात, तोही सगळा ड्रेसवर. बेल्स ऑफ आयर्लंडची, म्हणजे हिरव्या घंटा लगडलेली, काडी बॉक्समध्ये आडवी ठेवली तर तिचा शेंडा रात्रीतून आभाळाकडे वळतो आणि सकाळी सरळ काडीचा आकडा झालेला असतो. ती उभीच ठेवायची, आणि तिच्या अंगावरचे बारीक काटे बांधण्याआधी काढायचे.

पण खरं नाटक हिरव्या हायड्रेंजियाचं. एक गेंद चार काड्यांची जागा भरतो, म्हणून मोह होतो. मात्र त्याला पाणी प्रचंड लागतं, आणि कापलेल्या देठातून चिकट रस येऊन पाण्याची वाट बुजते. मग सकाळी ऐटीत असलेला गेंद दुपारी मान टाकतो. उपाय आहे: देठ पुन्हा तिरका कापायचा, टोक तुरटीच्या पुडीत बुडवायचं आणि लगेच कोमट पाण्यात उभा करायचा. तरीही रुसलाच तर अख्खा गेंद वीस-तीस मिनिटं गार पाण्यात उलटा बुडवून ठेवावा, तो पाकळ्यांतूनही पाणी पितो. नंतर मात्र नीट झटकायचा. रेशमी कापडावरचा पाण्याचा डाग कुठल्याच फोटोत लपत नाही.

रस्कसबद्दल मी पक्षपाती आहे. दिवसभर पाण्याबाहेर राहिला तरी कुरकुर नाही. प्रत्येक बुकेत निम्मा तोच असावा असं माझं मत, मग उरलेल्या निम्म्यांनी काय ते नखरे करावेत. युफोर्बिया मात्र नको. त्याचा पांढरा चीक कातडीला खाज आणतो आणि चुकून डोळ्याला लागला तर समारंभच बदलतो.

करवलीचा बुके पंधरा ते वीस सेंटिमीटर रुंद पुरतो, नवरीचा पंचवीस-तीसचा असेल तर. एका बुकेला रस्कसच्या पाच-सहा काड्या, निलगिरीच्या तीन, बटन शेवंतीच्या दोन फांद्या आणि हिरव्या फळांच्या हायपेरिकमच्या तीन काड्या घ्याव्यात. आदल्या रात्री देठ तिरके कापून, पाण्यात बुडणारी पानं काढून, सगळं खोल पाण्यात उभं करायचं. फ्रिजमध्ये ठेवायचं तर आधी तिथली खायची फळं बाहेर काढा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलं लवकर मान टाकतात, पानं पिवळी पडून गळतात. अँथुरियम आणि मॉन्स्टेरा मात्र फ्रिजबाहेरच बरे, थंडीने ते काळे पडतात.

बांधताना प्रत्येक काडी आधीच्या काडीवर तिरकी, आणि सगळ्या एकाच दिशेने. हात फिरवत गेलं की देठांचा पीळ पडतो आणि वर पानं आपोआप पसरतात. एक काडी उलट्या दिशेने गेली की गोळा एका अंगाला फुगतो, आणि पुढे कितीही काड्या कोंबल्या तरी तो फुगाच राहतो. सोडून पुन्हा बांधणं हाच इलाज. बांधायच्या जागेखालची पानं आधीच ओरबाडून टाकायची, देठ कोरडे पुसायचे, मग रिबिन. अडीच सेंटिमीटर रुंदीची, मीटरभर पुरते. टाचण्या खालून वर, तिरक्या, टोक देठांच्या आत राहील अशा खुपसायच्या. आडव्या टोचल्या की टोक पलीकडून बाहेर येतं, आणि करवली फोटोच्या ऐन क्षणी "आई गं" म्हणते.

आणि धरायचा कसा, हे बुके हातात देतानाच सांगावं: कोपरं सैल, मुठी बेंबीजवळ. न सांगता दिला तर प्रत्येक जण तो हनुवटीखाली आणते, पानं गळ्यापर्यंत येतात आणि फोटोग्राफर "थोडं खाली, अजून थोडं खाली" म्हणत घसा कोरडा करतो. जेवणाच्या टेबलावर पाण्याचे ग्लास माणसांपेक्षा थोडे जास्त ठेवायला सांगा. बुके त्यांतच उभे राहतील, नाहीतर ते खुर्च्यांवर आडवे पडतात आणि कुणीतरी त्यांच्यावर बसतंच.