ग्लासला काय म्हणायचं?

जपानी बोलताना शब्द अडला, की इंग्रजी शब्दाच्या शेपटाला ‘उ’ नाहीतर ‘ओ’ चिकटवून ठोकून द्यावा, असा सल्ला पुण्यात जपानी शिकणारा प्रत्येकजण दुसऱ्याला देतो. टेबलचा तेबुरू, हॉटेलचा होतेरू. दिवसभर मराठीत इंग्रजी कोंबायची सवय असल्यामुळे आपल्याला हे लगेच पटतं. गोम पुढे आहे. जपान्यांनी एकच शब्द दोन-दोनदा, तीन-तीनदा आणून ठेवलाय, दर खेपेला वेगळ्या सोंगात. त्यातलं आत्ता कुठलं सोंग हवंय, ते आपण ओळखायचं.

इस्त्री म्हणजे ‘आइरोन’, पण गोल्फची काठी ‘आइआन’. शिवणयंत्र ‘मिशिन’ (आपला टेलरही तेच म्हणतो, तेवढाच दिलासा), बाकीची यंत्रं ‘माशिन’. बेसबॉलमधला ‘सुतोराइकु’ आणि कामगारांचा संप ‘सुतोराइकी’. एका वेलांटीनं कारखाना बंद पडतो.

भाताचं नवल आपल्याला सांगू नये. शेतात भात, पोत्यात तांदूळ, ताटात पुन्हा भात, हे आपण पिढ्यानपिढ्या करतोय. पण इने, कोमे, गोहान एवढं सगळं पाठ झाल्यावरही ‘राइसु’ उरतोच. एकाच कुकरमधला भात वाडग्यात वाढला तर गोहान, सपाट प्लेटमध्ये पसरला तर राइसु. म्हणजे नाव भाताचं नाहीच, भांड्याचं आहे.

खरी परीक्षा दवाखान्यात. 16व्या शतकात पोर्तुगीज आले, त्यांनी आपल्याला पाव दिला तसा जपान्यांना ‘पान’ दिला. इथवर कुणाची तक्रार नाही. पण जाता जाता ‘कारुता’ही देऊन गेले. ते खेळायचे पत्ते, नववर्षाला घरोघरी मांडतात ते. पुढे मेइजी काळात (1868 ते 1912) जपानी डॉक्टर जर्मन वैद्यक शिकले आणि ‘कारुते’ आला, म्हणजे डॉक्टरकडचा आपला केसपेपर. मग इंग्रजीतून ‘कादो’, तो बँकेचा वगैरे. आणि खिडकीवरच्या बाईंना जे कार्ड द्यायचं असतं, ते यातलं एकही नाही! ते ‘शिन्सात्सुकेन’. अंगात 102 ताप असताना युरोपचा इतिहास उगाळायचा, मग औषध मिळायचं.

तरी ग्लासइतका छळ कशानंच केला नाही. घरातले पाणी प्यायचे ग्लास फुटत फुटत संपले होते. टोक्योतल्या निशी-कासाईत आपली माणसं ढिगानं आहेत, पण भांड्यांच्या दुकानात गरजेच्या वेळी नेमकं कुणी नसतं. ‘गारासु’ म्हणावं तर ती खिडकीची काच. नागासाकीच्या देजिमा बेटावर 1641 पासून डच व्यापाऱ्यांना कोंडून ठेवलं होतं, त्या डचांचा हा शब्द. त्यांचाच ‘कोप्पु’ म्हणजे पाणी प्यायचं भांडं, पण तो प्लास्टिकचाही असतो आणि कागदाचाही. इंग्रजीतून आलेला ‘गुरासु’ मागितला तर वाइनचे उंच मानेचे निघायचे. ‘काप्पु’ला बहुधा कान असतो. ‘जोक्की’ हा मुळात इंग्रजीतला जग, पण त्यात पाणी नाही, बिअर.

विक्रेती बाई समोर हात जोडून उभी, आणि मी मनातल्या मनात डचांना इंग्रजांशी लढवतेय. त्यात कानाला फोन, पुण्याहून आई.

“एवढं काय त्यात? फुलपात्र द्या म्हणावं!”

“आई, फुलपात्राला इथे फुलदाणी दाखवतील.”

शेवटी दोन डच शब्द एकत्र बांधून ‘गारासु नो कोप्पु’ असं स्पष्ट मागितलं. काचेचं, आणि प्यायचं. याहून नि:संदिग्ध मागणी जगात कुणी केली नसेल. बाईंचा चेहरा उजळला. त्या कमरेत वाकल्या, मांडणीकडे हात करून अदबीनं म्हणाल्या, “ताम्बुरा देसु का?”

टम्बलर. प्यायच्या भांड्यांतला हा पाचवा, माझ्या हिशेबात नव्हताच.

मी उत्तर द्यायच्या आत फोनमधून आई कडाडली, “तंबोरा? अगं, काही घेऊ नकोस हं! इथे माळ्यावर आत्याचा पडलाय, त्यालाच कुणी हात लावत नाही.”