विंडोज ११ मुळे कार्ड जळत नाही, तरी मेसेज फिरतोच आहे

आमच्या देवगड-जामसंड्याच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा येतो. मजकूर साधारण असा: "विंडोज ११ टाकू नका. टाकलं की जुनं ग्राफिक कार्ड जळतं. मायक्रोसॉफ्ट हे मुद्दाम करतं. उपाय तीनच. अपडेट कायमचं बंद करा, ड्रायव्हर अपडेटर टाका, नाहीतर नवीन कार्ड घ्या." कॉम्प्युटर दुरुस्ती हेच माझं पोट, त्यामुळे हा मेसेज वाचून घाबरलेली माणसं थेट माझ्या टेबलापाशी येतात.

ग्राफिक कार्ड म्हणजे स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग, ड्रायव्हर म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारा प्रोग्राम, आणि ड्रायव्हर अपडेटर म्हणजे ड्रायव्हर आपोआप बदलून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर. आधी 'जळतं' हे बघू. गणपतीच्या तोंडावर एक डीटीपीवाल्या ताई सीपीयू रिक्षात घालून घेऊन आल्या. "कार्ड जळला म्हणतत. आता मंडळांचे बॅनर कसे करू?" मशीन चालू केलं. अक्षरं फुगलेली, आणि बॅनरवरचा बाप्पा आडवा पसरलेला, जणू वरून कोणी दाबलाय. जळलेलं कार्ड चित्र पसरट करत नाही. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे मशीनमधल्या भागांची विंडोजकडची यादी, उघडलं, तर 'डिस्प्ले अॅडॉप्टर्स'खाली कार्डाचं नावच नाही. तिथे लिहिलेलं होतं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडॉप्टर'. याचा अर्थ एवढाच, की विंडोजला कार्डाचा खरा ड्रायव्हर मिळालेला नाही आणि ते कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललंय. म्हणून रिझोल्यूशन कमी, दुसरा मॉनिटर बंद, बॅनर करायचं कोरल ड्रॉ रांगत. कार्ड होतं जीटी ७१०. त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या साइटवरून ४७० शाखेतला, म्हणजे त्या क्रमांकाच्या मालिकेतला ड्रायव्हर उतरवला, टाकताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर टिक केली, रीस्टार्ट केलं. बाप्पा गोल झाला. खर्च अर्ध्या तासाचा.

ड्रायव्हरमुळे कार्ड तापल्याचं उदाहरण आहे, ते लपवत नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाने १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्यात पंख्याच्या वेगाचा घोळ होता. पण तो एका ड्रायव्हरचा दोष. विंडोज बदलण्याशी त्याचा संबंध नव्हता.

कार्ड खरंच गेलंय का, हे कळायला एक सोपी खूण आहे. मशीन चालू होताच कंपनीचा लोगो येतो किंवा बायोस (विंडोजच्या आधीचा सेटिंगचा पडदा) उघडतो, तेव्हा विंडोजचा ड्रायव्हर चढलेलाच नसतो. तिथेच पट्टे, ठिपके, रंगीत चौकोन दिसले तर दोष कार्डाचा, केबलचा नाहीतर मॉनिटरचा. लोगो स्वच्छ आणि गडबड विंडोज आल्यावर, तर आधी ड्रायव्हरवर संशय घ्या.

आणि आपल्याकडे कार्डं जातात, ती खाऱ्या हवेने. किनाऱ्यालगतच्या दुकानातून आलेलं कार्ड काढलं की सोनेरी पट्टीवर मळकट थर दिसतो, कधी स्क्रूभोवती हिरवट बुरशीसारखं काहीतरी. वीज काढून, पट्टी शाळेतल्या खोडरबराने हलकेच घासायची, भुसा झटकायचा, कार्ड पुन्हा नीट बसवायचं. कितीतरी 'मेलेली' कार्डं एवढ्यावर उठतात. हे विंडोज १० वरही झालंच असतं. अपग्रेडच्या आठवड्यात झालं म्हणून दोष अपग्रेडच्या माथी.

'मायक्रोसॉफ्ट मुद्दाम करतं' याला फार वेळ देत नाही. ड्रायव्हर लिहितात एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. जुन्या कार्डांचे नवे ड्रायव्हर थांबवतात तेच. एनव्हिडियाने केप्लर या चिपांच्या पिढीचे गेम रेडी, म्हणजे नेहमीचे नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये बंद केले, एएमडीने जीसीएन या आपल्या चिपांच्या मालिकेतली सुरुवातीची कार्डं त्याच वर्षी जूनमध्ये जुन्यांच्या यादीत टाकली. खरी गंमत एनव्हिडियाच्याच जीटी ७३० कार्डाची. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिपा विकल्या गेल्या. केप्लरवाल्याला ४७० शाखा चालते, फर्मी या त्याआधीच्या पिढीवाल्याचा शेवटचा ड्रायव्हर ३९१.३५, मार्च २०१८ चा. खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर टाकला की 'सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही' असा निरोप येतो आणि माणूस कार्ड भंगारात द्यायला निघतो. जीपीयू-झेड हा छोटा फुकट प्रोग्राम चिपेचं खरं नाव दाखवतो. आधी ते बघा.

आता अपडेट बंद करण्याचा सल्ला. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे नियमित अपडेट मिळणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर बँकेचं काम चालतं, त्यावर सुरक्षेचे अपडेट तोडायचे म्हणजे चोराला दार उघडून देणं. शिवाय बरेचदा गेलेला ड्रायव्हर विंडोज अपडेटच आणून बसवतं. इंटरनेट जोडून अर्धा तास सोडा, रीस्टार्ट करा, मग बोंब मारा. उलटही होतं हे कबूल. अपडेट कधी चांगल्या ड्रायव्हरवर आपला वेगळाच चढवतं. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. जुन्याचे अवशेष चिकटून बसले असतील, तर नेटची वायर काढून सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालतं तो प्रकार) डीडीयू हा जुना ड्रायव्हर मुळापासून पुसणारा प्रोग्राम चालवा आणि मग ताजा ड्रायव्हर टाका. वायर काढायची ती विंडोजने मध्येच आपलं घुसवू नये म्हणून.

ड्रायव्हर अपडेटरबद्दल एकच: ड्रायव्हर कार्डाच्या कंपनीकडे फुकट मिळतो, आणि लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीकडे बघायचं. फुकटात तपासून 'इतके ड्रायव्हर जुने' म्हणत पैसे मागणाऱ्याला मध्ये घ्यायचं कशाला?

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. बीप वाजून स्क्रीन लुकलुकली तर ड्रायव्हर रीसेट झाला. पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. मशीन सुरू होतानाच दोन-तीनदा लाईट गेली की विंडोज स्वतःहून दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तेही कार्ड जाणं नव्हे. उलट सेफ मोडला जायची वाट तिथूनच आहे.

एवढं करूनही जमलं नाही, तर अपग्रेडनंतर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'तून जुन्या विंडोजवर परत जाता येतं. फक्त त्याआधी जागा मोकळी करायच्या नादात डिस्क क्लीनअपने जुनं विंडोज पुसू नका. मागच्या महिन्यात एकाने तेच केलं आणि मग माझ्याकडे आला.