गच्चीवरचं हानले

भाच्यानं हानलेहून फोटो पाठवला आणि माझी झोप उडाली. लडाखचं थंड वाळवंट, साडेचार हजार मीटरच्या आसपासची उंची, बोडके डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर अख्खा मृग. बाणाच्या खाली तेजोमेघ, म्हणजे चमकत्या वायूचा ढग, गुलालाची चिमूट उडवल्यासारखा. वर मला सल्ला, "मामा, मुंबईतूनही येईल. हायड्रोजन-अल्फा फिल्टर घे."

घेतला. चकलीएवढी काळपट-लाल काच. किंमत हिला अजून सांगितलेली नाही. तेजोमेघातला हायड्रोजन 656 नॅनोमीटरच्या आसपासच्या तांबड्या प्रकाशात चमकतो आणि ही काच फक्त तेवढाच आत सोडते. रस्त्यावरचे दिवे, टॉवरची रोषणाई, जवळजवळ सगळं बाहेर. विरार फास्टच्या दारातली मंडळी इतरांना चढू देत नाहीत, तसं. मी दहिसरचा, त्यामुळे तत्त्व लगेच पटलं. पण साध्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आधीच एक काच बसवलेली असते आणि तिचा नेमका ह्याच तांबड्यावर राग. बिचारा विरारवाला धक्के खात आत शिरावा आणि घोषणा व्हावी, ही गाडी विरारला जाणार नाही!

तरी जानेवारीत रात्री अकराला गच्ची गाठली. फिल्टर लावला की स्क्रीन काळीठिक्कर. म्हणून आधी फिल्टरशिवाय व्याधावर फोकस करायचा, रिंगला चिकटपट्टी लावायची आणि मग श्वास रोखून फिल्टर फिरवायचा. तिसऱ्यांदा जमलं, तेवढ्यात पाण्याचा पंप सुरू झाला आणि टाकीसकट मृग थरथरला. आठ सेकंदांच्या वर शटर उघडं ठेवावं तर पृथ्वी फिरते, ताऱ्यांच्या शेवया होतात. मी टाकीखाली उताणा. वॉचमननं तोंडावर बॅटरी मारली, "साब, कुछ खो गया क्या?"

असे 120 फोटो काढले, कॉम्प्युटरवर एकावर एक रचले. पहाटे चारला काळ्यावर एक तांबूस ओघळ उमटला. तोच तो! त्याच्या प्रकाशाला इथवर यायलाच शतकानुशतकं लागतात. डोळे भरून आले. सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

सेक्रेटरीकाका पाचला उठतात. "कुठल्या विंगचा जिना हा? कोण थुंकलंय?"

"काका, हे सुमारे 1,300 वर्षांपूर्वीचं आहे."

"म्हणजे आपण ताबा घ्यायच्या आधीचं. बिल्डरला कळवा."