ब्रिटनकडून न्यायाधीश घ्या, चोरदरवाजा नको
फेब्रुवारी २०२५मध्ये ब्रिटनमधल्या आम्हा आयफोनवाल्यांना कळलं, की आयक्लाउडवरचं ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आता नव्याने चालू करता येणार नाही. आपले फोटो, बॅकअप आपल्याखेरीज कंपनीलाही उघडता येऊ नयेत, यासाठीची ही सोय. पाळत ठेवण्याचे अधिकार देणाऱ्या इन्व्हेस्टिगेटरी पॉवर्स कायद्याखाली इथल्या सरकारने अ‍ॅपलकडे आत शिरायची वाट, म्हणजे चोरदरवाजा, मागितल्याच्या बातम्या होत्या. अ‍ॅपलने सोयच काढून घेतली.

भारतातली मागणी वेगळी. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे मोठ्या मेसेजिंग कंपनीने, आदेश आल्यास, मेसेज मुळात कुणी पाठवला ते सांगायचं. यामागचं कारण खोटं नाही. जुलै २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. तेव्हा अशा अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरूनच फिरत होत्या. पोलिसांनी नुसतं बघत बसावं, असं कोण म्हणेल?

पण त्या नियमातली एक तरतूद वाचून मी हबकलो. मेसेज परदेशातून आला असेल, तर भारतात तो पहिल्यांदा पाठवणाऱ्यालाच मूळ कर्ता मानायचं. म्हणजे मी इथून काही पाठवलं आणि मावसबहिणीने भाबडेपणाने फॉरवर्ड केलं, तर कर्ती ती! शिवाय एकाचा माग काढता यावा म्हणून सगळ्यांच्याच मेसेजवर खूण ठेवावी लागणार, आणि लबाड माणूस दोन शब्द बदलून निसटणार.

चोरदरवाजा फक्त पोलीसच वापरतील, हा भरवसा तर अमेरिकेत २०२४मध्येच उडाला. कायदेशीर टॅपिंगसाठी टेलिकॉम कंपन्यांत बसवलेल्या यंत्रणेपर्यंत चिनी हॅकर पोचले. मग तिथल्याच सरकारी अधिकाऱ्यांनी लोकांना एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कुणालाही मेसेज वाचता न येणारं, अ‍ॅप वापरायला सांगितलं.

ब्रिटनकडून घ्यायचंच, तर हे घ्या : इथे फोन टॅप करायला मंत्र्याची सही पुरत नाही, न्यायिक आयुक्ताचीही (आजी किंवा माजी वरिष्ठ न्यायाधीशाची) मंजुरी लागते. आपल्याकडे मेसेज किंवा संगणकातली माहिती वाचण्यासाठी आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली केंद्रात गृहसचिव आदेश देतात आणि तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही. अर्थात कंपन्यांकडे अशी वाट मागणाऱ्या नोटिशीलाही इथे ब्रिटनमध्ये आयुक्ताची मंजुरी लागते, म्हणून नुसता न्यायाधीश आणूनही भागत नाही. परवानगी एका संशयितापुरतीच हवी. त्याचा फोन जप्त करा, फॉरेन्सिक प्रयोगशाळेत उघडा, तो कुणाशी कधी बोलला त्या नोंदी मागवा. कलम ६९च्या प्रत्येक आदेशाला न्यायाधीशाची मंजुरी सक्तीची करा आणि मूळ कर्ता शोधायची तरतूद नियमांतून काढून टाका.