क्लॅमथची धरणं आणि मेलेली पिल्लं

‘धरणं पाडली म्हणून लाखो सॅल्मन मेले, शेतकऱ्यांचं पाणी तुटलं, वीज गेली आणि नदीचं वाटोळं झालं.’ अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2023–24 मध्ये काढली गेली, तेव्हापासून हा दावा जोरात फिरतो आहे.

आधी मेलेल्या माशांचं पाहू. ती घटना खरी आहे. फेब्रुवारी 2024च्या अखेरीस फॉल क्रीक इथल्या मत्स्यबीज केंद्राने चिनूक सॅल्मनची सुमारे 8 लाख 30 हजार पिल्लं सोडली आणि ती मोठ्या प्रमाणात मेली. पण तेव्हा खालचं आयर्न गेट धरण उभंच होतं, पिल्लांना त्याच्या जुन्या बोगद्यातून जावं लागलं. आत पाण्याचा दाब झपाट्याने बदलतो, त्याने अंगात वायूचे बुडबुडे धरतात. मेलेल्या पिल्लांत त्याचीच लक्षणं दिसली. गढूळपणा किंवा प्राणवायूची कमतरता हे कारण दिसत नाही, असं कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्याने तेव्हाच सांगितलं होतं. म्हणजे पाडलेल्या धरणाचं पाप नव्हे, न पाडलेल्या धरणाचं!

गाळाबद्दल मात्र दावा करणाऱ्यांचं ऐकायला हवं. जलाशय रिकामे करताना काळंभोर पाणी खाली आलं, तळ्यांतले बाहेरून आणलेले मासेही मेले. हे होणार, हे आधीपासून धरलेलं होतं, म्हणून तर पाणी नदीत मासे कमी असताना, हिवाळ्यात सोडलं.

शेतीचं पाणी? ही चारही धरणं विजेची. सिंचनाचं पाणी वरच्या अप्पर क्लॅमथ सरोवरातून येतं आणि ते अडवणारं लिंक रिव्हर धरण जागेवर आहे. पाण्यावरून भांडण जुनं आहे, हे खरं. 2002 मध्ये शेतीला पाणी दिलं, नदी उथळ आणि कोमट झाली, दाटीवाटीत रोग पसरला आणि सप्टेंबरात किमान 34 हजार मोठे मासे मेले. तेव्हा चारही धरणं धडधाकट होती. त्या मेलेल्या माशांचा फोटो कोणी फिरवत नाही.

विजेचं म्हणाल तर ही धरणं चालवणाऱ्या पॅसिफिकॉर्प या वीज कंपनीच्या एकूण उत्पादनाच्या 2 टक्क्यांहूनही कमी. वीजनिर्मितीचा परवाना टिकवायला माशांना धरण ओलांडता येईल अशा वाटा बांधाव्या लागल्या असत्या, त्यापेक्षा पाडणं स्वस्त, असा हिशेब निघाला. युरोक आणि करूक या मूळनिवासी जमाती धरणं हटवण्यासाठी वर्षानुवर्षं लढल्या, पण शेवटी करारावर कॅलिफोर्निया आणि ओरेगॉन ही दोन्ही राज्यं आणि कंपनीही आली.

आणि ‘वाटोळं’ झालेल्या नदीत ऑक्टोबर 2024 मध्ये, काम संपताच, ओरेगॉनच्या एका उपनदीत चिनूक पोहोचले. त्या भागात 1912 नंतर ते प्रथमच दिसत होते.

उलट बाजूने कोणी ‘आता सगळं सुटलं’ म्हणत असेल, तर त्यालाही थांबवावं लागेल. वरच्या सरोवरात फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, ते धरणं पाडून जात नाही.